ताणातली गाठ

"बाळंतीण डोहावरनं जायाची न्हाय," आये म्हणाली आणि वाटेतल्या दगडावर बैठक मारून बसली. "न्यायचीच आसंल तर माझ्या मड्यावरनं न्या."

आमची आये एकदा बसली की तिला उठवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. मी एका खांद्यावर कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर औषधांची पिशवी घेऊन उभी होते. शेजारी हौसावैनी, माझ्या भावाची बायको, बारा दिवसांच्या लेकीला छातीशी धरून. तालुक्याच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती, जीप डोंगराच्या पायथ्याशी सोडून गेली होती. आमचा धनगरवाडा वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. चढणीची पायवाट एकच, आणि ती निम्म्यावर ओढ्याच्या डोहाला चिकटून जाते. त्या डोहात साती आसरा राहतात, पाण्यातल्या बाया. ओली बाळंतीण आणि कोवळं लेकरू दिसलं की त्यांना सोडवत नाही, असं वाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी वायरमनचा कोर्स नुकताच पास झाले होते, त्यामुळे मी असलं काही मानत नव्हते. म्हणजे दिवसाउजेडी मानत नव्हते.

"मग काय उडत जायाचं व्हय?" मी वैतागून म्हटलं.

"जानूला इचार. फोन लाव त्याला."

जानू म्हणजे माझा थोरला भाऊ. वर सड्यावर एका आंब्याखाली तेवढी फोनला रेंज येते, तो सकाळपासून तिथंच येरझाऱ्या घालत असणार. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"डोहावरनं नगं तर हवेतनं आण की," दादा म्हणाला. "ट्रॉली कशापायी हाय?"

"दादा, ती दुधाची हाय. माणसं बसवू न्हाय म्हणून पाटी लावलीया तिथं."

"कवापासनं पाटी वाचून चालाय लागलीस? येवढं दूध खाली जातंय, कवा थेंब सांडला न्हाय. माझी लेकच कशी सांडंल?" तो हसला. लेकीला अजून त्यानं पाहिलं नव्हतं. म्हशी टाकून खाली यायला जमलं नव्हतं, आणि ते त्याच्या आवाजातून कळत होतं. "आन ऐक, रिकामं येऊ नगा. खाली पेंडंची पोती पडल्यात, दोन टाका संगं."

ट्रॉली वर रिकामी आणायची नाही हा वाड्याचा नेमच होता. एका संस्थेच्या लोकांनी दूध खाली न्यायला दरीवरून हा दोर बांधून त्याला ट्रॉली लटकवून दिली होती. वर सौरपाट्या, बॅटऱ्या, मोटर आणि ती ठेवायला एक खोप. सकाळी कॅन खाली यायचे, परतताना मीठ, पेंड, तांदूळ, जे मिळेल ते वर जायचं. मोटर एवढी फिरतेच आहे तर तिला मोकळी कशाला फिरवायची, असा सरळ हिशोब.

"त्यो रिले आणलास?" दादानं फोन ठेवता ठेवता विचारलं.

"आणला. तू सांगितलास तसाच, आधीच्यासारखा."

"ब्येस. हाताशी एक जादा आसावा. आधीचा बटण सोडलं की जरा फुसफुसतोय. निळं निळं दिसतंय आत. नवा हाय म्हणून आसंल."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. आये तेवढ्यात उठून उभीही राहिली होती.

त्या रिलेचं इथंच सांगून टाकते. मोटर चालू-बंद करायचा संस्थेनं दिलेला भाग पावसाळ्यात जळाला. संस्थेचा माणूस येतो येतो म्हणत आला नाही. दादा बाजारात गेला, दुकानदाराला म्हणाला, मोटर चालू-बंद करणारं काहीतरी दे, आणि मुठीत मावेल असा एक रिले घेऊन आला. त्यावर ठळक लिहिलं होतं, दहा अँपिअर, अडीचशे व्होल्ट. आमच्या आठ बॅटऱ्या मिळून शहाण्णव व्होल्ट. दादानं तो सगळ्या वाड्याला दाखवला. "म्हस बांधायचं दावं रेडकू तोडणार हाय व्हय?" म्हणाला. सगळ्यांना पटलं. मी तेव्हा तालुक्याला परीक्षेत बुडालेली होते, नाहीतर मलाही पटलंच असतं. त्याच झटक्यात त्यानं गंजलेला मेन स्विच काढून तारा थेट जोडून टाकल्या होत्या. आमच्या दादाला अडलेलं काम बघवत नाही, हा त्याचा मोठा गुण आणि तेवढाच मोठा ताप.

दोन पोती पेंड, दोन पिशव्या, वैनी, बाळ आणि मी. गुडघ्याएवढ्या काठाचा लोखंडी हौदा, त्यात आम्ही पोत्यांना टेकून बसलो. आये पायवाटेनं येणार होती. म्हातारीशी आसरांचं काही काम नसतं. तिनं बाळाच्या कपाळाला अंगारा लावला, थोडा माझ्याही लावला, आणि मी हौद्याच्या काठाला खुणेसाठी टांगलेल्या कॅनच्या झाकणावर पळीनं दोनदा ठोका दिला. दोन ठोके म्हणजे चल, एक ठोका म्हणजे थांब. खोपीत रेंज नव्हती, त्यामुळे ट्रॉली हलली की वरच्याशी बोलायला तेवढीच भाषा.

दोर ताणला गेला, हौद्याला हिसका बसला आणि जमीन खाली सुटली.

"आयो!" वैनीनं माझा दंड धरला.

"खाली बघू नगंस."

"मग कुठं बघू?"

"माझ्याकडं बघ."

"तुमीच डोळं मिटल्यात की, वन्सं."

खरं होतं. मी डोळे उघडले. पावसाळा संपून महिना झाला होता, ऊन लख्ख होतं, वारा दरीतून वर येत होता. ट्रॉली नेहमीपेक्षा हळू चालली होती. मोटरचा आवाज वरून यायचा तोही जड, ओझ्याखाली कण्हल्यासारखा. खाली करवंदीची जाळी लहान लहान होत गेली. मग ओढा दिसला, आणि मग डोह. काळा, गप्प. वैनीनं पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं.

बाळानं नेमकं तेव्हाच ओलं केलं.

"फडकं द्या की जरा."

मी पिशवीत हात घातला. फडक्यांच्या घडीत तो रिलेचा खोका गुंतला होता, तो आधी हातात आला. फडकं वैनीला दिलं आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून खोका उघडला. खाली बघायचं नव्हतं, मग कुठंतरी बघायला हवं होतं ना. ठळक अक्षरं होतीच, दहा अँपिअर, अडीचशे व्होल्ट, आणि पुढं बारीकसं एसी. त्याच्या खाली दुसरी ओळ होती, नखाएवढ्या जागेत, डोळ्याजवळ धरल्याशिवाय न दिसणारी. दहा अँपिअर, तीस व्होल्ट, डीसी.

मी ती पुन्हा वाचली. तीसच होतं.

कोर्सला मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलेलं सगळं समोर आलं. खांबावरून येणारी वीज एसी असते, ती सारखी येते-जाते, एका सेकंदात शंभरदा शून्यावर येऊन जाते. रिलेचे दोन पॉइंट एकमेकांपासून सुटले की मध्ये ठिणगीची ज्योत धरते, पण पुढच्याच शून्याला ती विझते. बॅटरीची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही. पॉइंट सुटले तरी ज्योत तशीच धरून राहते, वीज त्या ज्योतीतूनच जात राहते, पॉइंट वितळतात, आणि बटण सोडलेलं असतानाही मोटर चालू राहते. म्हणून तोच रिले एसीला अडीचशे व्होल्ट पेलतो आणि डीसीला फक्त तीस. आमचे होते शहाण्णव.

जरा फुसफुसतोय. निळं निळं दिसतंय आत.

आजवर ट्रॉली थांबत होती, कारण ओझं बेताचं असायचं. ओझं कमी तर मोटर कमी वीज ओढते, आणि ज्योत जेमतेम का होईना विझते. आज दोन पोती होती, दोन बाया होत्या. आज मोटर कण्हत होती. वर पोचल्यावर दादा बटण सोडणार, ज्योत धरणार, मोटर थांबणार नाही. हौदा दोर ओढणाऱ्या वरच्या चाकावर आदळणार. दोर तुटणार, आणि आम्ही या सगळ्या उतारावरून मागं, खाली, डोहाकडे. तारा थेट जोडलेल्या. मेन स्विच नाही.

मी वर पाहिलं. खोप अजून लांब होती, दादा काडीएवढा दिसत होता. हाक मारून काय सांगणार होते? वाऱ्यात आणि मोटरच्या आवाजात "तीस व्होल्ट" हे त्याला कळणार होतं? आणि एक ठोका दिला असता तर त्यानं इथंच बटण सोडलं असतं, ऐन ओझ्यावर. एकदा ज्योत धरून पॉइंट वितळले की संपलं.

ओझं कमी करायचं. एवढंच सुचलं. मी उठून गुडघ्यावर बसले, पहिल्या पोत्याला खांदा लावला आणि काठावरून ढकलून दिलं. ते फिरत फिरत गेलं आणि डोहात पडलं. आवाज बऱ्याच वेळानं आला.

हौदा गदगदा हलला. वैनी किंचाळली.

"वन्सं! काय करताय?"

मी दुसऱ्या पोत्याला लागले. ते कोपऱ्यात अडकलं होतं. मी दात-ओठ खात ते ओढत होते, केस सुटले होते, कपाळाला आयेचा अंगारा. ऐन डोहावर. वैनी माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांत जे भय होतं ते उंचीचं नव्हतं. ते माझं होतं. मी तिच्या जागी असते तरी मला तेच वाटलं असतं. तिनं बाळाला घट्ट आवळून अंग मागं घेतलं, जितकं घेता आलं तितकं.

"आयांनो, सोडा तिला," ती पुटपुटली. माझ्याशी नव्हे, माझ्यात शिरलेल्यांशी. "हिरवा चुडा वाहीन, खणानारळानं वटी भरीन. माझ्या लेकीला हात लावू नगा."

दुसरं पोतंही गेलं. वैनीनं एका हातानं पळी उचलली. झाकणावर एक ठोका. थांब. तिला तेवढंच सांगायचं होतं नवऱ्याला. मी तिच्या अंगावर झेपावले आणि पळी हिसकावली. धडपडीत बाळ रडायला लागलं.

"मारू नगंस ठोका! वैनी, तुझ्या पाया पडते, मारू नगंस!"

"माझ्या लेकीपासनं लांब व्हा!"

मी झाकणावर दोन ठोके दिले. पुन्हा दोन. चल, चल, थांबू नको. वर दादा लांब वायरीचं बटण हातात दाबून धरून खोपीच्या दारात येऊन उभा राहिलेला दिसला. त्याला काय समजत असेल देव जाणे. पण ट्रॉली चालत राहिली.

"वैनी, आसरा न्हाईत. मी हाय. तानी." मला रडू फुटलं होतं. "वरचं यंत्र थांबायचं न्हाय. आपण चाकावर आपटणार. दोर तुटणार."

"का न्हाय थांबणार? रोज थांबतंय की."

कसं सांगू? व्होल्ट, अँपिअर, एसी, डीसी. वैनी शाळेत गेली नव्हती. तिला काय येतं? म्हशी येतात. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"म्हस दावं वढत आसंल, दावं ताणलेलं आसंल, तवा खुट्याची गाठ सुटती का?"

"न्हाय."

"मग कवा सुटती?"

"ती पुढं आली, दावं सैल पडलं, की सुटती."

"खांबावरच्या विजंचं तसं हाय. ती वढती आन सैल सोडती. बॅटरीची वीज सैल सोडतच न्हाय, सारखी वढतीच. दादानं बसवलाय तो खुटा सैल सोडणाऱ्या विजंचा हाय. ताणात त्याची गाठ सुटायची न्हाय. ओझं हलकं झालं तर ताण कमी. तरच सुटंल."

वैनीनं रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग वर. बाळ रडतच होतं. तिच्या तोंडावरचं भय गेलं नाही, पण ते माझ्यावरून उठलं आणि खोपीकडं वळलं.

"आता झालं का हलकं?" तिनं विचारलं.

मी मोटरचा आवाज ऐकला. कमी झाला होता, पण कण्हणं होतंच.

"न्हाय."

सड्याची कड जवळ आली होती. तिथं कातळ संपतो आणि दोर जमिनीजवळून जातो, दीड पुरुष खाली उताराचं गवत आणि कारवी. काठाला धरून लोंबकळलं तर उतरता येईल, पण त्याला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणजे एकीलाच. दुसरीनं बाळ धरून वर जायचं, आणि कडेनंतर दोर सपाट होतो, तिथं ओझं सगळ्यात कमी, तिथंच ठोका द्यायचा.

"मी उतरते," मी म्हटलं. "कड गेली, दोर सपाट झाला की एक ठोका दे. आधी न्हाय, मागनं बी न्हाय."

"सपाट झाला हे मला कसं कळंल?"

"मोटरचा आवाज बदलंल."

"मला न्हाय कळायचा," वैनी म्हणाली. एवढंच. आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

मला वाटलं, ती पदर सावरते आहे. तिनं पदर खोचला, काठावर पाय टाकला. बारा दिवसांची ओली बाळंतीण. मी तिचं लुगडं धरायला हात टाकला तर हातात बाळ होतं. ती काठाला लोंबकळली, तिच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं मला दिसली, तिनं एकदा लेकीकडं पाहिलं आणि हात सोडले.

खाली कारवी मोडल्याचा आवाज आला. हाक आली नाही.

हौदा वर उसळला. मोटरचा आवाज बदलला, खरंच बदलला, सुटल्यासारखा झाला. मी बाळाला काखेत दाबलं, पळी उचलली आणि झाकणावर एक ठोका दिला. दादानं बटण सोडलं आणि तो खोपीत वळला. रिलेच्या पेटीचं झाकण तो नेहमी उघडंच ठेवायचा. मला आत निळा उजेड दिसला. एवढासा, डोळ्यात खुपणारा, मधमाशीसारखा गुणगुणणारा. तो विझेना. चाक समोरून येत होतं, त्याचं ग्रीस दिसायला लागलं. मी बाळावर वाकले, आणि ज्या बायांना मी मानत नव्हते त्या सगळ्यांना एकेकीला हाक मारली.

गुणगुण तुटली. वीज तुटली की आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा दणका बसला. मी मान वर केली तेव्हा चाक हात लावता येईल एवढ्यावर होतं.

दादा आला, पण माझ्याकडं नाही. तो माझ्याजवळून सरळ कडेकडं धावत गेला. मी बाळाला घेऊन कशीबशी उतरून मागोमाग गेले. कडेखाली कारवीत वैनी पडली होती; मी दादाला पाण्याला पाठवलं तेवढ्यात तिनं मला जवळ ओढलं. तिचा पाय घोट्यातून भलतीकडं वळला होता. लुगडं रक्तानं भिजलं होतं.

"लेक?"

"ही बघ. ठीक हाय."

तिनं बाळाला हुंगलं, मग माझं मनगट धरलं. "वन्सं, यंत्राचं काय त्ये त्यास्नी सांगा. माझं नगा सांगू. मला चक्कर आली म्हणा."

"का गं?"

"आपल्या हातानं बसवल्यालं यंत्र, आन त्याच्यापायी बायकोनं उडी घातली, ह्ये कळलं तर त्या खोपीत पुन्यांदा पाऊल टाकायचं न्हाईत. मग वाड्याचं दूध कोण खाली धाडंल? शपथ हाय तुमाला."

मी शपथ पाळली. दादाला रिलेच्या दोन्ही ओळी दाखवल्या. त्यानं पेटीतला काढून हातावर घेतला. आतले पॉइंट मेणासारखे ओघळले होते. त्यानं त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग तालुक्याला जाऊन डीसीचा, शंभर व्होल्टच्या वरचा भाग घेऊन आला आणि मेन स्विचही बसवला. ट्रॉलीत पुन्हा कधी माणूस बसलं नाही. वैनीचा पाय मात्र वाकडाच जुळला. वाड्यानं ठरवून टाकलं की आसरांनी दोन पोती घेतली, भागलं नाही, म्हणून बाळंतिणीचा पाय ओढला. दादा इतकी वर्षं चारचौघांत तिला चिडवत आला, "हिला ट्रॉलीत बसवलं तर ही चक्कर येऊन पडली. म्हशीच्या पाठीवर बसायची लायकी न्हाय हिची." वैनी हसायची. मला हसता येत नसे.

गेल्या वैशाखात त्या लेकीचं, पारूचं लग्न झालं. वरात गेल्यावर मांडव सुना झाला. वैनी लंगडत लंगडत भांडी गोळा करत होती. दादा माझ्याशेजारी येऊन बसला. त्यानं आता पिऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तो प्यायला नव्हता.

"ताने," तो म्हणाला, "त्या दिशी मी खोपीच्या दारात हुबा हुतो."

शपथ अजून होती.

"चक्कर आल्यालं माणूस," दादा वैनीकडं बघत म्हणाला, "आधी लेकरू दुसरीच्या मांडीवर देत न्हाय. पदर खोचत न्हाय."

"मग इतकी वर्सं का गप बसलास?"

"तिला मला कळू द्यायचं नव्हतं. मग मी कळून घेतलंच न्हाय." त्यानं डोळे पुसले आणि उठला. "तू बी सांगू नगंस तिला, मला ठाव हाय म्हणून."

मग तो मांडवात गेला आणि वैनीच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "हो बाजूला," तिला म्हणाला, "पडशील चक्कर येऊन."